तलावाच्या मध्यभागी

आकाराम सोनुले यांनी आयुष्यातले बारा उन्हाळे गुळाच्या काहिलीत बसून काढले. परगावच्या माणसाला हे खरं वाटायचं नाही, पण कोल्हापूरकडं त्यात नवल काही नाही. उसाचा रस आटवायची आठ-नऊ फूट रुंद लोखंडी कढई पुराच्या दिवसांत पाण्यात सोडली की तिची होडी होते, आणि तिच्यातून म्हातारी माणसं, शेरडं, बाळंतिणी सगळे पैलतीराला जातात. आकारामांच्या वाट्याला काहील आली ती मात्र पुरामुळं नव्हे, कॉलेजच्या कारभारामुळं. होडीसाठीचा अर्ज १९९१ साली वर गेला आणि तो कुठल्या टेबलावर विसावला ते देवालाही कळलं नाही. उन्हाळा तर तोंडावर आला होता. शेवटी आकारामांनीच ओळखीच्या गुऱ्हाळवाल्याकडून तळाला ठिगळ मारलेली एक जुनी काहील मागून आणली, टेंपोत घातली आणि विज्ञानाचं काम सुरू झालं.

शाहूपुरीपासून चालत दहा मिनिटांवरच्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्र विभागात, ते लॅब अटेंडंट होते. तोवर बारा वर्षं त्यांनी काचेची भांडी धुतली, बेडकं मोजून दिली आणि परीक्षेच्या वेळी बाहेरून आलेल्या सरांना चहा नेऊन दिला. त्याआधी तरुणपणी गुऱ्हाळावर काम केलं होतं, त्यामुळं हात राकट आणि नजर बारीक. रेडेकर सर विभागप्रमुख. त्यांना मलकापूरच्या रस्त्यावर, आत दोन मैलांवर असलेल्या वडगुळ्याच्या तलावाचा अभ्यास करायचा होता. उन्हाळ्यात तलावाचं वरचं पाणी तापतं, तळाचं गार राहतं आणि दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. मग पाण्यातले बारीक जीव कुठल्या थरात राहतात, मासे कशावर जगतात, हे सरांना शोधायचं होतं. त्यासाठी मार्च ते मे रोज पाच वेळा, सकाळी सहापासून संध्याकाळी सहापर्यंत दर तीन तासांनी, पाण्याचं तापमान घ्यायचं: एकदा वर, एकदा पाच मीटरवर, एकदा तळाशी. आणि घ्यायचं ते तलावाच्या मध्यभागी.

हे काम कुणाला द्यायचं यावर विभागात चर्चा झाली, तेव्हा सरांनी भरल्या खोलीत आकारामांना विचारलं, पोहता येतं ना? आकाराम म्हणाले, "येतंय की सायेब." तेवढ्यावर नेमणूक पक्की झाली.

आकारामांना पोहता येत नव्हतं.

ज्या मुलखात पोरगं चालायला लागलं की बाप त्याच्या पाठीला डबा बांधून विहिरीत ढकलतो, तिथं पन्नाशीकडं झुकलेल्या माणसाला पोहता येत नाही म्हटलं की पुढचा प्रश्न येतोच, का? आणि त्या 'का'चं उत्तर खोलीभर माणसांसमोर द्यायचं आकारामांच्या जिवावर आलं. त्यांच्या गावात पायऱ्यांची एक मोठी दगडी विहीर होती. गावची सगळी पोरं तिच्यात उड्या मारून शिकली. आकारामांच्या वस्तीतली पोरं लांब बांधावर उभी राहून बघायची. छप्पन साली वस्तीनं बुद्धाचा धम्म घेतला, घरातले जुने देव गाठोड्यात बांधून ओढ्यात सोडले, माणसं ताठ चालायला लागली. विहिरीनं मात्र दीक्षा घेतली नव्हती. नऊ-दहा वर्षांचे आकाराम एकदा भर दुपारी, कुणी नाही असं बघून, तिसऱ्या पायरीपर्यंत उतरले. घोट्याला पाणी लागलं न लागलं तोच वरून दगड आला. त्याची खूण उजव्या कानामागं होती. कुणी विचारलं तर ते चिंचेवरून पडलो म्हणून सांगत.

शिवाय हे काम त्यांना हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं. बारा वर्षांत पहिल्यांदाच कुणी त्यांच्या हातात धुवायला नव्हे, वापरायला थर्मामीटर देत होतं. रजिस्टर त्यांच्या अक्षरात भरलं जाणार होतं आणि पानाखाली सही त्यांची असणार होती. नाही म्हटलं असतं तर ते दुसऱ्याला गेलं असतं.

पहिल्या दिवशी ते काहिलीतून तलावात निघाले आणि चाळीस पावलांवर त्यांनी वल्हं आत घेऊन काहिलीचा काठ घट्ट धरला. काहील जागच्या जागी गरगर फिरते, वल्ह्याला दाद देत नाही, आणि वडगुळ्याचा तलाव तर पावणेदोन मैल लांब, मध्ये चाळीस फूट खोल. भिंतीपासून थोड्या अंतरावर, पाण्यातच, शेतीचं पाणी उचलायची सिमेंटची गोल जॅकवेल उभी होती. आकारामांनी तिची शिडी दोन्ही हातांनी धरली आणि बराच वेळ सोडली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी भिंतीच्या कडीपासून जॅकवेलच्या शिडीपर्यंत एक जाड दोर बांधला. तो दोर धरून जायचं, काहील शिडीला बांधायची, नोंद घ्यायची, दोर धरून परत यायचं. बारा वर्षं ते त्या दोरापलीकडं एक हातभरही गेले नाहीत.

रजिस्टरच्या प्रत्येक पानावर मात्र 'ठिकाण : तलावाच्या मध्यभागी' असा रबरी शिक्का होता. तो मारायचं कामही त्यांच्याकडंच होतं.

एवढं एक सोडलं तर त्या रजिस्टरांइतका खरा कागद त्या कॉलेजात दुसरा नसेल. दोरीला मीटरागणिक लाल चिंधी बांधलेली. तिच्या टोकाची, थर्मामीटर घातलेली बाटली खाली गेली की तोंडानं सावकाश दोनशे मोजायचे, मग ओढायची, थर्मामीटर डोळ्यासमोर आडवा धरायचा आणि पाऱ्याची रेघ दशांशापर्यंत वाचायची. उन्हाळाभर इरिगेशनच्या चौकीदाराची एक खोली राहायला मिळे, तिथं त्यांच्या पत्नी तानूबाई सोबत असायच्या. आकारामांना ताप आला तर त्या दोरी सोडायच्या आणि ते आकडा वाचायचे. न घेतलेली नोंद त्यांनी कधी लिहिली नाही. चौदा एप्रिलचं पान दरवर्षी कोरं असे आणि पुढं शेऱ्यात लिहिलेलं असे, 'जयंती. रजा.'

शेऱ्याचा रकाना म्हणजे त्यांची चैन. आकड्यांच्या रकान्यात इकडचं तिकडं होता कामा नये, पण शेऱ्यात काय लिहायचं ते कुणी सांगितलं नव्हतं. 'दुपारी कोकणाकडचं वारं जोरात.' 'मासे तोंड वर काढून श्वास घेतात.' 'पाणकावळे अकरा.' सर आकडे उतरवून घ्यायचे. शेरा बारा वर्षांत कुणी वाचला नाही.

त्यातला पाच मीटरचा आकडा आकारामांना पहिल्यापासून छळायचा. वरचा आणि तळाचा आकडा शहाण्यासारखा वागे. पाच मीटरवर मात्र सकाळी सहाला सत्तावीस, नऊला पंचवीस, बाराला पुन्हा सत्तावीसच्या वर. त्यांना वाटायचं आपलंच चुकतंय. दोरी तपासली, थर्मामीटर बदलून घेतला, तानूबाईंना वाचायला लावलं. आकडा नाचायचा तो नाचायचाच. पण दिसलं ते लिहायचं, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

२००४ उजाडलं. कॉलेजात संगणक विभाग आला होता आणि तिथं दत्तप्रसाद नावाचे तरुण सर आले होते. डेटा मायनिंग हा त्यांचा विषय. ढिगानं पडलेल्या आकड्यांत संगणकाला खणायला लावायचं आणि दडलेला नियम बाहेर काढायचा. माणूस वाईट नव्हता, फक्त संगणक कधी चुकत नाही असं वाटायचं वय होतं. रेडेकर सरांनी बारा रजिस्टरं त्यांच्याकडं दिली, विद्यार्थ्यांनी आकडे भरले, शेरे मराठीत म्हणून वगळले, आणि जानेवारीत अहवाल आला. पाच मीटरच्या नोंदी नैसर्गिक नाहीत. तीन तासांत पाणी दोन-तीन अंश गार होऊन पुन्हा तापू शकत नाही. या नोंदी प्रत्यक्ष न घेता बसल्या जागी भरल्याचा संशय येतो.

रेडेकर सरांनी अहवाल दोनदा वाचला आणि आकारामांना लेखी खुलासा मागणारा कागद दिला. निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. ज्या माणसानं सोळा हजारांच्या आसपास आकडे उन्हात बसून वाचले, त्याला लबाड ठरवणारा कागद त्यानं स्वतःच सही करून घ्यायचा, असा तो प्रसंग. आकारामांना रडू आलं नाही, राग आला. बाराही वर्षं पाऱ्यावरून डोळा ढळू दिला नव्हता, आणि हे म्हणे घरी बसून!

घरी तानूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. पोहण्याचं त्यांना ठाऊक होतं, दोरही त्यांनीच पीळ घालून दिला होता. त्या म्हणाल्या की एक खोटं आहे तेवढं सांगून टाकावं, म्हणजे बाकीचं खरं मानतील. आकारामांना ते पटेना. एक खोटं कबूल केलं की लोक दुसरं खोटं हुडकायला लागतात, असं त्यांचं म्हणणं. खुलाशात त्यांनी 'नोंदी खऱ्या आहेत' एवढंच लिहिलं.

या सगळ्यात प्रमोदिनी सबनीस कुठून आल्या, तर गणित विभागातून. मंगळवार पेठेतल्या शिक्षकांच्या घरातल्या, स्वभावानं अबोल. त्या लाटांच्या गणितावर काम करायच्या, आणि समुद्र घाटाखाली असताना कोल्हापुरात बसून कसल्या लाटा मोजता म्हणून स्टाफरूममध्ये त्यांची रोज टिंगल व्हायची. दत्तप्रसाद सरांनी संगणकानं बाजूला काढलेले आकडे गंमत म्हणून त्यांना दाखवले. बाईंनी ते घरी नेले, आलेखाच्या कागदावर मांडले आणि आठ दिवसांनी थेट प्राणिशास्त्र विभागाच्या मागच्या खोलीत आल्या. आकाराम नळाखाली परीक्षानळ्या धूत होते.

बाईंनी कागद पसरला. आकडे वेडेवाकडे नाचत नव्हते, नऊ तासांच्या तालावर वरखाली होत होते. दुपारचं वारं तापलेलं पाणी भिंतीकडं लोटतं, वारं पडलं की गरम आणि गार थरांमधली सीमा तलावभर झुलायला लागते, वरून काही दिसत नाही. बारा वर्षं तोच ताल. घरी बसून कुणी इतकं चोख खोटं लिहू शकत नाही, असं त्या म्हणाल्या आणि आकारामांना बाराएक दिवसांत पहिल्यांदा नीट श्वास घेता आला.

ते म्हणाले की हे त्यांना ठाऊक आहे. गुऱ्हाळावर रसानं भरलेली काहील आठ-दहा जणांनी ओढली की आतला रस असाच हिंदकळतो, या काठाला चढतो, मग त्या काठाला. बाईंना हा दाखला फार आवडला. त्यांनी विचारलं की मग काहिलीच्या मध्यावर काय होतं?

आकाराम उत्साहात होते. "मधी काय हुतंय? मधी रस हालतच न्हाय," ते बोलून गेले, आणि बोलता बोलता त्यांचा चेहरा उतरला.

 तीच अडचण होती, त्या म्हणाल्या. गणित सांगत होतं की झुलणं टोकांना सगळ्यात जास्त आणि मध्यावर शून्य. आणि रजिस्टर सांगत होतं की नोंदी मध्यभागच्या. मामा, नोंदी मध्यभागीच घेतल्या ना, त्यांनी विचारलं. आकाराम व्हय म्हणाले. बाईंनी कागदाची गुंडाळी केली. गणित बसत नाही, असंच उद्या रेडेकर सरांना सांगावं लागेल, असं त्या म्हणाल्या. त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं.

त्या संध्याकाळी आकाराम जेवले नाहीत. आता मामला साधा होता. पोहता येतं हे खोटं राखायचं, तर बारा वर्षांचे आकडे खोटे ठरणार होते. आकडे वाचवायचे, तर तोंडानं सांगावं लागणार होतं की मी पहिल्या दिवसापासून खोटं बोललो, आणि मग तो 'का' येणारच. ते कितीतरी वेळ उजव्या कानामागं बोट फिरवत बसले.  तानूबाईंनी ताट झाकून ठेवलं.

सकाळी ते कॉलेजात सगळ्यांच्या आधी पोचले आणि त्र्याण्णव सालचं रजिस्टर काखेत मारून गणित विभागाच्या दारात उभे राहिले. बाई आल्यावर त्यांनी रजिस्टर उघडून शेऱ्यावर बोट ठेवलं. 'जॅकवेलच्या छताखाली पाकोळीचं घरटं. पिल्लं चार. डोळे अजून मिटलेले.'

"वाचा म्याडम. मध्यभागात बसून पाकोळीच्या पिल्लांचं डोळं कसं दिसतील?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. दोर, जॅकवेल, शिक्का.  संपल्यावर बाई उठल्या, आणि आकारामांना वाटलं आता साहेबांकडं तक्रार जाणार. बाई म्हणाल्या की भिंतीजवळ म्हणजे तलावाचं टोक, तिथंच झुलणं सगळ्यात जास्त. मामा सांगितल्याप्रमाणे मध्यभागी गेले असते तर बारा वर्षं एकच आकडा लिहून आले असते, आणि ही लाट कुणालाच सापडली नसती. त्यांच्या आवाजात आनंद होता. आकारामांना मात्र तो आनंद घेता येईना, कारण रेडेकर सरांच्या खोलीत जायचं अजून बाकी होतं.

त्या खोलीत दत्तप्रसादही होते. आकाराम उभेच राहिले. सर म्हणाले, "मी तुला सरळ विचारलं होतं, आकाराम. तेव्हाच येत नाही म्हणाला असतास तर काय बिघडलं असतं?"

"दुसरा मानूस गेला असता, सायेब. आनि तुमी इचारलं असतं, का येत न्हाय. गावच्या हिरीत आमाला उतरू द्यायची न्हाईत. कसं शिकायचं?"

 रेडेकर सर स्वतः नदीकाठच्या वाड्यातले, चार वर्षांचे असताना पोहायला शिकलेले. माणूस पंचवीस वर्षं आपल्या विभागात आहे आणि आपल्याला हे ठाऊक नाही, हे त्यांना बोचलं असावं. त्यांनी खुलाशाचा कागद काढला, फाडला नाही, त्यावर 'समाधानकारक' असं लिहून सही केली. एक अट मात्र घातली. मे महिन्यात खरोखर मध्यभागी जाऊन पडताळा घ्यायचा.

मे महिन्यात भोयांची एक होडी भाड्यानं घेतली. भिंतीजवळच्या नोंदी घ्यायला दत्तप्रसाद काहिलीत बसले, आणि त्यांनी पहिल्या दहा मिनिटांत इतक्या गिरक्या घेतल्या की भिंतीवरच्या गुराख्यांची करमणूक झाली. मध्यभागी कोण जाणार यावर सर काही बोलायच्या आत आकारामांनी ट्रकची ट्यूब अंगात अडकवली. प्रमोदिनीबाई सोबत होत्या. होडी दोरापलीकडं गेली तेव्हा आकारामांनी डोळे मिटले. पण मध्यभागी बाटली खाली सोडून दोनशे मोजायला लागल्यावर त्यांचा आवाज स्थिर झाला. सहाला सव्वीस पूर्णांक दोन. नऊला सव्वीस पूर्णांक दोन. बाराला सव्वीस पूर्णांक तीन. दिवसभर पाणी तिथं हललं नाही. भिंतीजवळ दत्तप्रसादांचा आकडा तीन अंशांनी वरखाली होत राहिला. पुढं त्यांनी वगळलेले शेरेही संगणकात घातले, तेव्हा मासे तोंड वर काढायचे ते दिवस तळाचं, प्राणवायू कमी असलेलं गार पाणी वर यायच्या दिवसांशी जुळले.

दोन वर्षांनी रेडेकर सर, बाई आणि दत्तप्रसाद या तिघांच्या नावानं इंग्रजीत निबंध छापून आला. त्यात नोंदींचं ठिकाण भिंतीजवळ का निवडलं याचं कारण एका ओळीत दिलं होतं, निरीक्षकाच्या सोयीसाठी. बाईंना ती ओळ खटकली होती, पण छापणाऱ्यांना तेवढीच हवी होती.

पण ती नंतरची गोष्ट. त्या पावसाळ्यात, निवृत्तीच्या आधी, आकारामांना रजिस्टरं दुरुस्त करायची होती. नियमाप्रमाणे खाडाखोड केली की शेऱ्यात कारण लिहावं लागतं. त्यांनी पहिल्या पानावरचा शिक्का लाल शाईनं खोडला, वर 'भिंतीजवळ' लिहिलं आणि शेऱ्यात स्वच्छ अक्षरात कारण दिलं. 'ठिकाण चुकीचे लिहिले होते. आकडे खरे आहेत. मला पोहता येत नाही. आम्हांला गावच्या विहिरीत उतरू देत नव्हते.' खाली सही आणि तारीख.

रेडेकर सरांनी ते पान वाचलं आणि ते म्हणाले की पुढच्या पानांवर नुसतं 'वरीलप्रमाणे' लिहिलं तरी चालेल. आकाराम मान हलवून गेले. तीन आठवड्यांनी रजिस्टरं सरांच्या टेबलावर परत आली. हजारावर पानं होती, आणि प्रत्येक पानावर त्या चार ओळी पुऱ्या लिहिलेल्या होत्या.

सरांनी विचारलं, इतकं कशाला केलंस?

"कुठलं पान कोन उघडंल, सांगता येतंय व्हय, सायेब?" आकाराम म्हणाले, आणि परीक्षानळ्या धुवायला गेले.